वंशावळीत राहून गेलेली नावे

(गेली पाच दशके कुलवृत्तान्त-संकलनाचे कार्य करीत असलेल्या एका ज्येष्ठ स्वयंसेवकाने, कार्यकर्ते आणि त्यांचे कुटुंबीय यांच्या एकत्रीकरणात सत्काराला उत्तर देताना केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन.)



प्रास्ताविकात माझा उल्लेख ‘वंशावळींच्या संशोधनासाठी आयुष्य वाहिलेला कार्यकर्ता’ असा झाला. हा शब्दप्रयोग ऐकून मला संकोच वाटला. आयुष्य वाहणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि मी त्यांच्यातला नाही. मी नोकरी केली, संसार केला, शाखेत गेलो आणि उरलेल्या वेळात लोकांच्या पणजोबा-खापरपणजोबांची नावे शोधत हिंडलो. माझ्या पत्नीला विचाराल तर ती सांगेल की, उरलेला वेळ हाच मुख्य होता आणि बाकीचे सारे उरलेल्या वेळात झाले. तिचे म्हणणे अधिक खरे असावे.

आज वयाच्या ऐंशीनंतर या कार्याचा हिशेब मांडायचा झाला, तर मिळालेल्या नावांचा हिशेब सोपा आहे. ती ग्रंथांत छापली गेली आहेत. मला आज बोलायचे आहे ते राहून गेलेल्या नावांविषयी. त्यातली काही काळाच्या ओघात गेली, काही पुरात आणि जाळपोळीत गेली. पण काही नावे माझ्या हातून, माझ्या लेखणीखाली राहिली. ती का राहिली, हे तरुण कार्यकर्त्यांना सांगितले नाही, तर आजच्या सत्काराचा काही उपयोग नाही.

परंपरेचे स्मरणतंत्र

आपला समाज इतिहास लिहीत नव्हता, असे आपल्याला शाळेत असताना ऐकवले जाई. मला हे कधी पटले नाही. ज्या समाजात श्राद्धाच्या वेळी पिता, पितामह आणि प्रपितामह यांची नावे गोत्रासह उच्चारावी लागतात, त्या समाजातील प्रत्येक गृहस्थाला तीन पिढ्यांचा इतिहास मुखोद्गत ठेवावाच लागतो. एका पिढीने तीन नावे पुढे द्यायची, पुढच्या पिढीने त्यात एक मिळवून जुने एक सोडायचे. ही साखळी जोवर अखंड होती, तोवर कागदाची गरज सामान्य माणसाला भासत नव्हती.

कागदही होताच. आपल्यापैकी जे नाशिक-त्र्यंबकेश्वरला जाऊन आले आहेत, त्यांनी तीर्थोपाध्यायांच्या घरातील नामावळी पाहिल्या असतील. गावाचे आणि आडनावाचे नाव सांगितले की उपाध्ये आतून लांबट वही घेऊन येतात, पाने उलटतात आणि तुमच्या आजोबांच्या हातचे अक्षर तुमच्यासमोर ठेवतात. कोण, कोणत्या वर्षी, कोणासह, कशासाठी आला, हे सारे तेथे असते. मग तुम्ही तुमच्या मुलांची नावे त्याखाली लिहून स्वाक्षरी करायची. हरिद्वार, काशी, गया, प्रयाग येथेही हीच रीत आहे. कोल्हापूर-सांगलीकडे आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी येतो; बैलावर बसून गावोगाव फिरणारा, दारात येऊन घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवणारा आणि बिदागीत धान्य घेऊन पुढे जाणारा हा आपल्या समाजाचा चालताबोलता दप्तरखाना आहे. आणि राजघराण्यांचे म्हणाल तर तंजावरला बृहदीश्वराच्या मंदिराच्या भिंतीवर सरफोजी राजांनी १८०३ मध्ये भोसले कुळाचा इतिहास मराठीत कोरून घेतला आहे. तमिळ देशात, चोळांनी बांधलेल्या शिवालयाच्या दगडावर मराठी अक्षरे! ते पाहताना कोणाही मराठी माणसाला आपली भूमी केवढी विस्तीर्ण आहे, याचा प्रत्यय येतो.

या सगळ्या साधनांना एकत्र बांधण्याचे काम गेल्या सव्वाशे वर्षांत निरपेक्ष वृत्तीच्या माणसांनी केले. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे त्यांतले अग्रणी. तरुणपणीच पत्नी निवर्तली, त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. गावोगाव फिरून लोकांच्या माळ्यावरची दप्तरे सोडवली. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. १९१० मध्ये त्यांनी पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना केली आणि १९२६ च्या अखेरच्या दिवशी धुळ्यात देह ठेवला. रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनी बडोदे सरकारची नोकरी संपल्यावर, ज्या वयात माणसे विश्रांती घेतात त्या वयात, पेशवे दप्तरातून निवडलेल्या कागदांचे पंचेचाळीस खंड संपादित केले. अशा पर्वतांच्या पायथ्याशी आमच्यासारखे कुलवृत्तान्तवाले म्हणजे वाळूचे कण. पण पूल बांधायला वाळूही लागते.

पोस्टकार्डांची साधना

मी या कामात पडलो तो १९७२ साली. आमच्या घराण्याचा वृत्तान्त सिद्ध करावा असे चार वडीलधाऱ्यांनी ठरवले आणि पायाला भिंगरी असलेला तरुण म्हणून माझी नेमणूक केली. साधने काय होती? पोस्टकार्ड आणि एस. टी.चा प्रवास, एवढीच. रात्री जेवण झाले की मी कार्डे लिहायला बसे. ‘आपल्या आजोबांचे नाव, मूळ गाव, कुलदैवत आणि स्थलांतराची हकीकत कळवावी.’ दहा कार्डे गेली की तीन उत्तरे येत, त्यातल्या एकात ‘आमचे सर्व कागद पानशेतच्या पुरात गेले’ असे असे, आणि दुसऱ्यात ‘१९४८ च्या जाळपोळीत वाडा गेला, त्याबरोबर दप्तर गेले’ असे. तिसरे उत्तर मात्र कधी कधी एवढे भरघोस असे की, आधीच्या नऊ कार्डांचे पैसे वसूल होत.

मोडी वाचता येणे अपरिहार्य होते. स्वातंत्र्यानंतर मोडी शाळांतून गेली आणि एका पिढीत आपण आपल्याच पणजोबांचे पत्र वाचायला असमर्थ झालो. आम्ही एका वृद्ध कारकुनांकडे रोज पहाटे तासभर जाऊन ती शिकलो. त्याचे महत्त्व आज कळते आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी राज्य शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा जुन्या नोंदी वाचण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांचा शोध सुरू झाला. त्या प्रश्नाच्या राजकारणात मला जायचे नाही. एवढेच सांगतो की, दीडशे वर्षांपूर्वी गावच्या कोतवालाने जन्ममृत्यूच्या वहीत ओढलेली एक ओळ आज एखाद्या मुलाच्या शिक्षणाचा प्रश्न ठरू शकते. कागद मेलेला नसतो, तो वाट पाहत असतो.

या कामाचे एक शास्त्र आहे आणि ते कठोर आहे. आमच्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल, त्यामुळे एका आड एका पिढीत तीच दोन नावे येत राहतात आणि दोन-तीन पिढ्या सहज एकमेकांत मिसळतात. तीन पिढ्यांना साधारणपणे शंभर वर्षे धरावीत. हिशेब फार चुकू लागला तर कोठे तरी नाव गळले आहे किंवा घुसडले गेले आहे, असे समजावे. १८५२ नंतर इनाम कमिशनपुढे आपले हक्क शाबीत करण्यासाठी अनेक घराण्यांनी वंशावळी दाखल केल्या. ते कागद बहुमोल आहेत. पण जमीन राखण्यासाठी दाखल केलेली वंशावळ आणि सत्य यांत अंतर असू शकते, हे विसरून चालत नाही. दोन स्वतंत्र पुरावे जुळल्याशिवाय नाव पक्के करायचे नाही, हा आमचा दंडक.

आणि दुसरा दंडक असा की, घराण्याला मोठेपणा चिकटवायचा नाही. माणसे येत, म्हणत, “आमचे मूळ पुरुष पानिपतावर पडले, एवढे लिहा.” पुरावा? “आजी सांगत असे.” अशा वेळी नम्रपणे सांगावे लागे की, ‘अशी घराण्यात आख्यायिका आहे’ एवढेच लिहीन. पूर्वजांच्या नावावर खोटे पराक्रम चढवणे हा त्यांचा अपमान आहे. साध्या भिक्षुकाने, शेतकऱ्याने, शिलेदाराने दुष्काळात मुले जगवली म्हणून आपण आज येथे बसलो आहोत. हा पराक्रम काय कमी आहे?

खरी वंशावळ माणसाला नम्र करते, हा माझा अनुभव आहे. आपण ‘मूळचे इथलेच’ असे छातीठोकपणे सांगतो आणि दोन पिढ्या मागे गेलो की कळते, आपण येथे आश्रयाला आलो होतो. पूजनीय डॉक्टर हेडगेवारांचे घराणे मूळचे तेलंगणातील, गोदावरीकाठच्या कंदकुर्तीचे. तेथून ते नागपूरला आले. पूजनीय श्रीगुरुजींचे घराणे कोकणातील गोळवलीचे, मूळ आडनाव पाध्ये. गावावरून ते गोळवलकर झाले. तेलंगणातले एक घराणे आणि कोकणातले एक घराणे नागपुरात येते आणि दोघांच्या वंशात जन्मलेली माणसे सारे राष्ट्र हेच आपले कुळ मानतात, याचा अर्थ आपण नीट ध्यानात घेतला पाहिजे.

येरवड्यातील एक संध्याकाळ

हे सारे मी बोलतो आहे खरा, पण ही नम्रता मला पुस्तकातून आलेली नाही. ती शिकवणारे दोन प्रसंग माझ्या आयुष्यात घडले. त्यांपैकी पहिला आणीबाणीतला.

१९७६ मध्ये मी येरवड्याच्या कारागृहात होतो. बराकीत सर्व थरांतील, सर्व जातींतील कार्यकर्ते एकत्र होते. एका संध्याकाळी बोलणे माझ्या छंदावर आले आणि कोणी तरी मला आमच्या घराण्याच्या पिढ्या म्हणायला लावल्या. मी एका दमात चौदा पिढ्या म्हणून दाखवल्या. सगळ्यांनी कौतुक केले. माझ्या शेजारी पथारी असलेला एक कार्यकर्ता मात्र गप्प होता. नंतर, दिवे मंद झाल्यावर, तो हलकेच म्हणाला, “मला आज्ज्याच्या मागचं नाव ठाऊक नाही. आमची वंशावळ निघेल का हो?”

तो गावकुसाबाहेरच्या वस्तीतला होता. मी अगदी सहज, विचार न करता म्हणालो, “अवघड आहे. तुमच्याकडे कागद नसतील.”

तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, “नसतील, का बघितलेले नाहीत?”

या प्रश्नाने मला रात्रभर झोप लागली नाही. दोन वर्षांपूर्वीच, १९७४ मध्ये, पुण्याच्या वसंत व्याख्यानमालेत पूजनीय बाळासाहेब देवरसांचे सामाजिक समतेवरील भाषण मी समोर बसून ऐकले होते. टाळ्याही वाजवल्या होत्या. आणि येथे, एकाच बराकीत, एकाच ताटातले अन्न खाणाऱ्या बांधवाला मी न बघताच सांगत होतो की तुझ्या पूर्वजांची नोंद नसेल!

सुटका झाल्यावर मी त्याच्या गावी गेलो. शाळेच्या जनरल रजिस्टरात त्याच्या वडिलांचे नाव मिळाले. कोतवालाच्या वहीत, मोडीत, आजोबांचा जन्म मिळाला आणि पणजोबांचे नाव कळले. पुढचा शोध मला तालुक्याच्या कचेरीत घेऊन गेला. तेथे कनिष्ठ गाववतनाचे जुने कागद होते. वतनाचा हिस्सा कोणाकडून कोणाकडे आला, हे लिहिताना कारकुनाने बाप, आजा, पणजा अशी नावे लिहिली होती. ज्या वतनाने त्या घराण्याला पिढ्यान्‌पिढ्या गावाच्या चाकरीत जखडून ठेवले, जे वतन अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाले, त्याच वतनाच्या कागदाने त्यांची नावे जपून ठेवली होती. उरलेला दुवा कागदाने नव्हे, तर त्याच्या वृद्ध आईने जुळवला. तिला जात्यावर म्हणायच्या ओव्यांत सासरच्या आणि माहेरच्या माणसांची, गावांची नावे ओवलेली होती. त्या ओव्या आणि तो कागद एकमेकांशी तंतोतंत जुळले. दोन स्वतंत्र पुरावे!

सहा पिढ्या निघाल्या. मी त्या एका मोठ्या कागदावर लिहून दिल्या. त्याने तो कागद घरात भिंतीवर लावला आणि आपल्या मुलाला जवळ घेऊन एकेका नावावर त्याचे बोट ठेवले. त्या दिवशी मला उमगले की, वंशावळ ही मिरवण्याची वस्तू असेल, तर ज्यांच्याकडे आधीच पुष्कळ आहे त्यांचीच ती होईल. ती ऋणाची वही असेल, तर मात्र ज्यांचे देणे सर्वांत अधिक थकले आहे, त्यांच्यापासून आरंभ केला पाहिजे.

“मी कुठं राहिले?”

इतके शिकल्यावर मी शहाणा व्हायला हवा होतो. पण दुसऱ्याच्या घरातील अन्याय दिसणे सोपे असते.

१९८४ मध्ये आमच्या कुलवृत्तान्ताची पहिली आवृत्ती प्रकाशित झाली. बारा वर्षांचे श्रम. कुलसंमेलन भरले, ग्रंथपूजन झाले. प्रत्येकाने घाईघाईने आपापले पान उघडून आपले नाव पाहिले. हा एक आनंददायक गोंगाट असतो, आपण अनुभवला असेल. एका कोपऱ्यात आमची आत्या बसली होती. माझ्या वडिलांची सख्खी बहीण. बालविधवा. अकराव्या वर्षी सासरहून परत आली आणि पुढे सारे आयुष्य माहेरच्या घरात, आमच्या घरात, गेले. आमच्या दोन पिढ्या तिच्या हाताखाली वाढल्या. चष्मा घरी राहिला होता, म्हणून तिने माझ्या पुतण्याला म्हटले, “बाळ, माझं नाव कुठं आहे, बघ रे.”

त्याने पाहिले. वडिलांचे पान, आजोबांचे पान, मागची सूची. आमच्या वंशवृक्षात केवळ पुत्रांची नावे होती. सुनांची नावे पतीच्या नावाखाली एका ओळीत होती. कन्या ज्या घरात गेल्या, त्या घराण्याच्या वृत्तान्तात त्या येतील, असा आमचा नियम. आणि सासरच्यांनी तिला केव्हाच वगळले होते. पुतण्याने मान वर केली. ती माझ्याकडे वळून म्हणाली, “अरे, मग मी कुठं राहिले?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरोखरच जाणून घ्यायचे होते.

आता ऐका. ज्या कागदांवरून तो ग्रंथ सिद्ध झाला, ते आमच्या घरातल्या एका लाकडी पेटाऱ्यात होते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले, पाणी पेठेत शिरले, तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. आम्ही मुले, माणसे, जमेल तशी भांडी वाचवत होतो. आत्या एकटी माजघरातून तो पेटारा ओढत जिन्यापर्यंत घेऊन आली आणि मला ओरडून म्हणाली, “आधी हा वर घे, यात आपली माणसं आहेत!” तिला मोडी येत नव्हती. त्या पेटाऱ्यातले एक अक्षर तिने कधी वाचले नव्हते. पण त्यात ‘आपली माणसे’ आहेत, हे तिला ठाऊक होते. तो पेटारा तिने वाचवला नसता, तर आमचा कुलवृत्तान्त निघालाच नसता. त्या कुलवृत्तान्तात तिचे नाव नव्हते, आणि तो मी लिहिला होता.

मी नियमाचा आधार घेऊन स्वतःचे समाधान करू शकलो असतो. पण कोणता नियम? श्राद्धात पिता, पितामह, प्रपितामह यांच्याबरोबर माता, पितामही, प्रपितामही यांचीही नावे घेतली जातात. मातामह, म्हणजे आईचे वडील, आणि त्यांच्या मागच्या दोन पिढ्या यांनाही पिंड असतो. महालयात तर आत्या, मावशी, बहीण, गुरू, स्नेही यांचेही स्मरण करण्याची पद्धत आहे. ऋषींनी जी नावे घ्यायला सांगितली, ती छापील कुलवृत्तान्तात आम्ही गाळली. परंपरेने स्त्रियांना विसरायला सांगितले नव्हते. विसरलो ते आम्ही, कागदाची जागा वाचवताना.

दुसऱ्या आवृत्तीच्या कामाला मी त्याच आठवड्यात आरंभ केला. कन्यांची नावे, त्यांच्या माहेरच्या आणि सासरच्या दोन्ही नावांसह. सुनांची माहेरची नावे, त्यांचे आईवडील, त्यांचे गाव. आपल्याकडे विवाहात नाव बदलण्याची रीत. त्यामुळे एकच स्त्री दोन घराण्यांत दोन नावांनी वावरते आणि दोन्हीकडून निसटते. हजारो पत्रे पुन्हा लिहावी लागली. पुष्कळ ठिकाणी नातवांना आजीचे माहेरचे नाव ठाऊक नव्हते. ज्या आजीने भरवले, तिचे! तेथे नाशिकच्या नामावळ्या उपयोगी पडल्या. यात्रेला कोण कोणाबरोबर आले, हे लिहिताना उपाध्यायांनी मातोश्री, सासू, विधवा भावजय, सर्वांची नावे लिहिली होती. आमच्यापेक्षा त्यांची वही अधिक उदार होती.

परके येतात, आपण कधी?

बंधू-भगिनींनो, या वह्यांचे आज काय होते आहे? तीर्थोपाध्यायांची पुढची पिढी नोकरीला गेली आहे. वाळवी आणि ओल यांना सुट्टी नसते. अमेरिकेतील यूटा येथील वंशावळ-संस्थेने १९७७ पासून हरिद्वार आणि इतर तीर्थांतील वह्यांचे सूक्ष्मचित्रण केले. त्या लोकांच्या धर्मश्रद्धेत पूर्वजांच्या नावाने विधी करण्याला महत्त्व आहे, म्हणून ते जगभर नावे गोळा करतात. त्यांचा हेतू त्यांच्यापाशी. पण ते सात समुद्र ओलांडून आमच्या वह्यांपर्यंत आले आणि आम्ही पुण्याहून नाशिकला गेलो नाही, याची खंत वाटली पाहिजे. त्यांच्या चिकाटीचे अनुकरण करायला काय हरकत आहे?

आणि आपली वाट पाहणारे केवळ या देशात नाहीत. १८३४ पासून करारबद्ध मजूर म्हणून लाखो भारतीय मॉरिशसला नेले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली कोकणातील मराठी माणसेही होती. मोका येथील महात्मा गांधी संस्थेत त्या आगमनाच्या नोंदवह्या जतन केल्या आहेत. तेथे मॉरिशसचे नागरिक आपल्या पूर्वजांचे गाव शोधायला येतात. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसला गेल्या असता, सातव्या पिढीपर्यंतच्या भारतवंशीयांना ओसीआय कार्ड मिळण्याची तरतूद जाहीर झाली. सात पिढ्या! तेथल्या वहीत गावाचे नाव इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिलेले आहे. ते रत्नागिरी जिल्ह्यातले नेमके कोणते गाव, हे सांगणारा माणूस येथेच असू शकतो. तो आपल्यापैकी कोणी का असू नये?

तिची मागणी

माझ्याजवळचा वेळ संपत आला. आता तरुणांना चार गोष्टी सांगतो. या सुट्टीत घरातील सर्वांत वृद्ध स्त्रीजवळ बसा. खिशातल्या भ्रमणध्वनीवर तिचे बोलणे ध्वनिमुद्रित करा. आम्हाला हे भाग्य नव्हते. आधी तिचे माहेरचे नाव विचारा, मग तिच्या आईचे. जुने कागद हाती लागले तर ते चिकटपट्टीने चिकटवू नका, प्लास्टिकमध्ये कोंडू नका. छायाचित्र काढा आणि मूळ कागद सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. आपले काम झाल्यावर, ज्याच्याकडे कागद नाहीत असे आपल्याला वाटते, अशा एका शेजाऱ्याच्या घराण्याचे काम हाती घ्या. आणि ‘नसतील’ म्हणण्यापूर्वी बघा.

दुसरी आवृत्ती १९९५ मध्ये निघाली. आत्याने ती पाहिली नाही. ती १९९१ मध्ये गेली. पण तिचे पान मी हस्तलिखितातच तिला वाचून दाखवले होते. तेव्हा तिची दृष्टी गेलेली होती. जन्मसाल, माहेरचे नाव, सासरचे नाव, आणि १९६१ च्या पुरात घराण्याची कागदपत्रे तिने वाचवली, ही नोंद. ती लक्षपूर्वक ऐकत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, “छान आहे. पण माझ्या सासूचं नाव घाल.”

मी गोंधळलो. म्हणालो, “आत्या, ते घराणं निराळं. आणि त्यांनी तर तुला परत पाठवलं.”

ती म्हणाली, “पाठवायचं पुरुषांनी ठरवलं. ती रात्रभर माझ्याजवळ बसली होती. जाताना तिनं स्वतःच्या पाटल्या माझ्या गाठोड्यात बांधल्या. तिचं नाव घेणारं आता कोणी नाही.”

कुलवृत्तान्ताच्या कोणत्याही नियमात हे बसत नव्हते. मी ते नाव घातले. पुढे त्या घराण्याच्या संकलकांना पत्र लिहून आत्याची नोंद त्यांच्या ग्रंथातही करवून घेतली. ती दोन्ही नावे आज येथे उच्चारत नाही; व्यासपीठावरून आपले नाव घेतलेले आत्याला रुचले नसते. ती ग्रंथात आपापल्या जागी आहेत, एकमेकींच्या शेजारी.

आपण माझा सत्कार केलात. शाल मी स्वीकारतो. श्रीफळ मात्र उद्या नाशिकला घेऊन जाणार आहे. एका घराण्याची नामावळी पाहायची राहिली आहे. उपाध्यायांनी सकाळी लवकर बोलावले आहे.